बिनचुलीचा डबा

बैल घ्यायचा असो की सून आणायची असो, धोंडीबाईनं स्वतः बघितल्याशिवाय त्या घरात काही येत नसे. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत तिनं भल्याभल्या दलालांना पाणी पाजलं होतं. बैलाचा जबडा उघडून दात बघावे तर तिनं, शेपटी पिळावी तर तिनं, आणि सौदा मोडून चार पावलं चालू लागावं तर तेही तिनंच. त्यामुळे धाकट्या हरेशनं एके सकाळी सांगितलं, की मुरबाडच्या पुढं कॅरॅव्हॅन बघायला जातोय, तेव्हा म्हातारीनं पहिला प्रश्न केला, "ती खाते काय?"

"खात नाय काय, आये. डबा असतो तो. चाकावरची खोली. आपल्या गाडीच्या मागं जोडायची आनि पायजे तिकडं न्यायची."

"आनि तू कुठं नेनार?"

"माळशेजला. पावसाळ्यात मुंबयची लोकं येतात, त्यांना भाड्यानं देऊ. धंदा हाय."

हरेशला खोटं बोलता येत नव्हतं. खोटं बोलताना तो कान चोळत असे, अगदी लहानपणापासून. धोंडीबाईनं त्याच्या लाल झालेल्या कानाकडं बघितलं, कनवटीची चंची सारखी केली आणि म्हणाली, "मी येते."

मग ती येणार म्हणून थोरली सून चंदाही निघाली. थोरला भाऊ भातसानगरला धरणावर नोकरीला. त्याची ड्यूटी होती, आणि घरात नवी वस्तू घ्यायची तर थोरल्या पातीचं कोणीतरी हवंच. ज्या कामासाठी हरेशला फक्त आपल्या बायकोला घेऊन गुपचूप जायचं होतं, त्या कामाला अशी वरात निघाली. आई पुढच्या सीटवर, चंदा आणि रविना मागं, दोघींच्या मध्ये एक मोकळी जागा. त्या जागेवर कोणी पिशवीसुद्धा ठेवली नाही.

ती जागा ओमूची होती. ओमकार, हरेश-रविनाचा एकुलता एक, तीन वर्षांचा. गेल्या आषाढात लावणी चालू असताना तो गेला.

लावणीला माणसं असली की घरात मोठा टोप चढतो. चंदानं अंगणात परात मांडून भात निवळायला घेतला होता. भाताची कढत पेज परातीत पडली, टोपावर झाकण ठेवायला ती वळली, आणि मागून कोंबडीच्या पिल्लामागं धावत आलेला ओमू त्या परातीत बसला. एवढंच. यात कोणाचा हात नव्हता, कोणाचं पाप नव्हतं. असं प्रत्येकानं प्रत्येकाला सांगितलं. पोराला शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला नेलं, आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं ते गुंडाळून.

त्या दिवसापासून रविनानं जेवण टाकलं. रुसून नाही, आरडाओरडा करून नाही. ती पानावर बसे, हात धुई, भाताला बोटं लावी आणि उठे. कधी सासूनं गळ घातलीच तर घास तोंडात घेई आणि मागल्या दारी जाऊन ओकून येई. चहात बुडवलेल्या बटरवर नि बिस्किटांवर ती दिवस काढी. हरेश वाशिंदच्या कंपनीतल्या माणसांची गाडीनं ने-आण करायचा. येताना नाक्यावरून वडापाव आणी, तो मात्र ती खाई. पदर तोंडाला लावून, गोठ्यामागं उभी राहून, चोरून खावं तसं. तिच्या बांगड्या आता मनगटावर थांबत नव्हत्या, कोपरापर्यंत चढत होत्या. डॉक्टरनं सुया दिल्या, ताकदीच्या बाटल्या दिल्या, आणि शेवटी हरेशला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा, ह्या बाईनं खाल्लं नाही तर औषध कशावर चालणार? भगताकडंही झालं. भगतानं तांदळाचे दाणे टाकून बघितले आणि म्हणाला, "हाताचा दोष हाय. कोनाच्या तरी हातचं हिच्या अंगाला लागत नाय."

कोणाच्या तरी म्हणजे कोणाच्या, ते विचारायची कुणाला गरजच पडली नाही. घरात रांधणारे हात एकच होते, चंदाचे.

हरेशला ते आधीच कळलं होतं. वडापाव चालतो, बिस्कीट चालतं, म्हणजे घरचं चालत नाही. ज्या हातानं ती परात मांडली, त्या हातचा भात पोराच्या आईच्या गळ्याखाली कसा उतरावा? त्याला स्वतःलाही कधीकधी घास अडके. वहिनीवर त्याचा राग नव्हता, किंवा असला तरी तो त्यानं खोल पुरून टाकला होता. त्याला फक्त बायको जगायला हवी होती. दुसरं मूल नको, शेत नको, काही नको. रात्री ती झोपली की तो तिच्या नाकाशी हात धरून बघायचा.

मग सरळ चूल वेगळी करायची, असं कोणीही म्हणेल. इथंच तर गाडं रुतलं होतं. धोंडीबाईच्या सासऱ्याच्या घरात पाच भावांच्या पाच चुली झाल्या होत्या, आणि पाच चुलींनी मिळून ते घर असं जाळलं, की शेवटी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत. म्हणून तिचा नवरा मरणाला टेकला तेव्हा तिनं दोन्ही पोरांना त्याच्या पायांवर हात ठेवायला लावला होता: आई आहे तोवर चूल एकच. वाशिंदला भाड्यानं खोली घ्यायची गोष्ट हरेशनं एकदा काढून बघितली. म्हातारी उठली, नवऱ्याचा फोटो खुंटीवरून काढला आणि हरेशच्या मांडीवर आणून ठेवला.

तर डब्याची युक्ती त्याला म्हशाच्या जत्रेत सुचली. नगरकडचा एक मिठाईवाला टेम्पोतच संसार थाटून आला होता. पुढं दुकान, मागं बिऱ्हाड. टेम्पोच्या फळकुटावर शेगडी ठेवून त्याची बायको चपात्या लाटत होती. रविना तिथं थांबली ती हलेना. त्या बाईनं काय ओळखलं कोण जाणे, तिनं एका चपातीवर मिरचीचा ठेचा घालून ती रविनाच्या हातावर ठेवली. आणि रविनानं खाल्लं. भर गर्दीत, उभ्या उभ्या, दोन चपात्या. हरेशला रडू फुटलं, ते त्यानं पाळण्यांकडं तोंड करून लपवलं. आणि तिथंच त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: चाकावरची चूल ही काही चूल नव्हे! घर वेगळं नाही, खोली भाड्याची नाही, गाडी ती गाडी. मागल्या आंब्याखाली उभी करायची. रविनानं तिथं आपल्या हातानं शिजवायचं, आपल्या हातानं खायचं. बापाच्या पायावरचा हातही खोटा पडत नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. हरेशनं ती काडी अशी घट्ट धरली, की रस्त्यात गेलेल्या जमिनीचे जे काही पैसे त्याच्या वाट्याला आले होते, ते तिच्यावर लावायला तो निघाला.

माळशेजच्या रस्त्याला ते आवार होतं. तारेच्या कुंपणात पाच-सहा डबे उभे, काही रंगवलेले, काही नुसते पत्र्याचे. मागं डोंगराच्या उतारावर ठाकर आदिवासींची चार घरं. ऑफिसातून सारिका नावाची एक तरतरीत मुलगी बाहेर आली. त्या मागच्या घरांतलीच. कॉलेज करून इथंच चिकटली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल.

"फॅमिली साईज बघायची ना? या, हा चार माणसांचा. बेसिक बॉडी अशी येते. बाकी सगळं एक्स्ट्रा फिटिंग. तुम्ही सांगाल तसं टाकून देऊ."

धोंडीबाईनं डब्याला एक फेरी घातली. मुठीनं पत्रा ठोकून बघितला. वाकून खाली बघितलं, चाकावर पाय देऊन दाबलं. "पाय बरं हायत," ती म्हणाली. "पाठ जरा हलकी वाटते."

सारिका हसली आणि एकेक दाखवू लागली. बाहेर ओढायची ताडपत्रीची पडवी. छतावर सोलर. आत पलंग, त्याचाच दिवसा सोफा. पंखा. कोपऱ्यात छोटा संडास. म्हातारीला यातलं सगळं आवडलं, हीच गंमत. पडवी तर तिला इतकी आवडली, की तिनं ती दोनदा उघडायला नि मिटायला लावली. संडास बघून म्हणाली, "पावसाचं बरं हाय. घाल." पंखा घाल. सोलर घाल. हरेशचा जीव वरखाली होत होता. आई एवढी खुशीत असली की समजावं, तिनं सगळं ओळखलंय. बैलाच्या बाजारातही ती आधी बैलाचं कौतुक करायची.

चंदा दारातच उभी होती, आत येत नव्हती. रविना पलंगाच्या कडेवर टेकली होती, दोन्ही हात मांडीवर. एवढ्या चार पायऱ्या चढून आली तरी तिला धाप लागली होती.

"आणि हे किचन," सारिकानं खिडकीखालच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. "इथं ओटा, दोन शेगड्या, खाली सिलेंडर, बाजूला सिंक. हे ऑप्शनल आहे. काही लोक घेत नाहीत, बाहेरच चूल पेटवतात."

"नको," धोंडीबाई म्हणाली.

"आये, भाड्यानं द्यायचा तर लोकं चहा तरी करतील ना—"

"गादी घे, पंखा घे, संडास घे. चूल नको."

"आये, ऐक तर—"

"हरेश," म्हातारी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "तुझा कान बघ कसा लाल झालाय. माळशेजला नायच न्यायचा तुला हा. आंब्याखाली लावशील. मग ही हितं शिजवील, तू हितं जेवशील, आनि मी मधल्या घरात बसून दोन धूर बघू? तुझ्या बापाच्या पायावर हात ठेवलायस तू."

"मग काय करू?" हरेश ओरडला. सारिका दोन पावलं मागं सरली. "काय करू सांग ना! मरू देऊ हिला? ती खात नाय, आये. तुला दिसत नाय? रोज एवढी एवढी कमी होते ती. शपथ मोडली तर बाप माफ करील, नाय करील, मी बघून घेईन. मी आता कोनाला वाचवू? मेलेल्याला, का हिला?"

म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. हरेशला वाटलं, संपलं. आता ही खाली उतरेल, गाडीत जाऊन बसेल, आणि घरी फोटो परत मांडीवर येईल.

तेव्हा दारातून चंदा बोलली. आठवड्यात चार शब्द बोलणारी बाई.

"घाला किचन," ती सारिकाला म्हणाली. "दोन शेगड्या घाला." मग सासूकडं वळली. "आये, चूल तिला द्या, नायतर माझी तरी बंद करा. माझ्यानं आता होत नाय. रोज मी तिचं पान वाढते आनि रोज तिचं पान मीच उचलते. तिनं मला एकदा मारलं असतं तर बरं झालं असतं. भगत काय बोलला ते मला नाय कळलं काय? माझं हात. ह्या हातांचं मी काय करू, आये? कापून देऊ?"

तिनं खरंच दोन्ही हात पुढं धरले होते, तळवे वर, भीक मागावी तसे. इतके महिने हे हात घेऊन ती स्वयंपाकघरात वावरली, हे हरेशच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं फक्त आपल्या बायकोचं मनगट मोजलं होतं.

"ताई," रविना म्हणाली.

तिचा आवाज घरात कोणी ऐकून कित्येक दिवस झाले होते.

"तुमचं हात नाय, ताई."

"मग?"

रविनानं ओठ ओले केले. तिला बोलायला त्रास होत होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. पाप कबूल करावं तशी ती खाली बघून बोलली. "भात. भातच नाय उतरत. कोनी पन शिजवला तरी. मी सोत्ता शिजवला तरी नाय उतरनार. त्याचा वास आला की..." ती थांबली. "त्या दिवशी त्याला उचलला ना मी. त्याच्या अंगाला तोच वास होता. मी सोडवत होते त्याला आनि शितं माझ्या बोटाला चिकटत होती."

तिनं बोटं पदराला पुसली.

"जत्रेत चपाती खाल्ली ती चपाती होती म्हनून," ती हरेशला म्हणाली. "गाडी होती म्हनून नाय."

"मग सांगितलं का नाय गो तू?" हरेशचा आवाज फाटला.

"कसं सांगू? आपल्या घरात कोन बोलतं का असं? भात नको?"

खरंच होतं ते. त्या घरात 'जेवलास का' असं कोणी विचारत नसे, 'भात खाल्लास का' असं विचारत. भाकरी होई तीही तांदळाची, सणाला घावन तेही तांदळाचे, ओटी भरायची तांदळानं, मेल्यावर पिंड भाताचा. सून आली तेव्हा माप ओलांडून आली, तेही तांदळाचं. हाताला दोष लावता येतो, माणसाला लावता येतो, देवाला लावता येतो. भाताला दोष कोण लावणार? सात पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नव्हतं. कोणी तिला विचारायला हवं होतं, आणि विचारलं असतं तरी ते उत्तर कोणाला ऐकूच आलं नसतं.

आणि मग हरेशला पेज आठवली.

अशक्त माणसाला पेज देतात. तापात पेज, बाळंतपणात पेज. रविना वाळायला लागली तशी धोंडीबाई रोज सकाळी स्वतः उठून तिच्यासाठी पेज करत होती. मीठ घालून, वर तुपाची धार सोडून. आणि हरेश स्वतः, ह्या स्वतःच्या हातांनी, बायकोचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं तिला ती पाजत होता. थोडी घे. माझ्यासाठी घे. ओमूची शपथ आहे तुला, घे. ती दात आवळायची आणि तो चमचा दातांवर टेकवून धरायचा. कढत कढत पेज, जिच्यात त्यांचं पोर बसलं होतं.

तो डब्याच्या जमिनीवर मटकन बसला. त्यानं तोंडात मूठ घातली तरी आवाज बाहेर आलाच. इतक्या महिन्यांत तो असा रडला नव्हता, पोराला माती दिली तेव्हाही नाही.

"तुमाला काय ठाव होतं?" रविना म्हणाली. मग दाराकडं न बघता म्हणाली, "ताई, राग हाय माझा तुमच्यावर. खोटं कशाला बोलू? पन जेवन त्यासाठी नाय टाकलं मी."

चंदा पायरीवर बसली, पाठ आत करून. तिचे खांदे हलत होते. ती सुटली होती की नव्यानं अडकली होती, ते तिचं तिलाच माहीत.

धोंडीबाई तेवढी उभी होती. ओट्याच्या मोकळ्या जागेपाशी, खिडकीच्या चौकटीला धरून. ती बाहेर उताराकडं बघत राहिली. मग चंदाच्या अंगावरून खाली उतरली आणि कुंपणाकडं चालू लागली. हरेशला वाटलं, गाडीकडं निघाली. पण ती गाडी ओलांडून गेली, तारेच्या फटीतून वाकून पलीकडं झाली आणि उतारावरच्या घरांकडं चढू लागली.

"तिकडं कुठं चालल्या आजी?" सारिका खिडकीशी आली. "आमचंच घर आहे ते."

धोंडीबाई कोणाच्या दारात जाणारी बाई नव्हती. लोक तिच्या दारात यायचे. भात झोडून झाला की डोंगरातल्या बाया सूप घेऊन यायच्या आणि ती ओट्यावर बसून प्रत्येकीच्या पदरात घालायची. वरची लोकं नाचणी खातात, असं ती बोलायची तेव्हा त्यात दया असायची आणि थोडा तोराही. मी ह्या घरात आले तेव्हापासून नाचणी उंबऱ्याच्या आत आली नाही, हे ती देवाच्या नावासारखं सांगत असे.

खिडकीतून दिसलं ते असं. सारिकाची आई भिमी अंगणात बसली होती, ती उठली. म्हातारी तिच्यासमोर उभी राहिली. काय बोलली ते इथवर ऐकू आलं नाही. पण तिनं पदर पुढं केला, दोन्ही हातांनी धरून पसरला, आणि मान खाली घातली. भिमी घाबरून आत पळाली. बाहेर आली तेव्हा तिनं हातातलं काही त्या पदरात ठेवलं आणि म्हातारीच्या पाया पडू लागली. धोंडीबाईनं तिला पडू दिलं नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या पायाला काटे लागले होते. पदरात नाचणीच्या तीन भाकऱ्या होत्या, सकाळच्या, काळ्याभोर, आणि पानावर लाल मिरचीची चटणी. ती रविनाच्या शेजारी त्या पलंगावर बसली, तोच, ज्याचा दिवसा सोफा होतो. पदर तिनं दोघींच्या मध्ये उघडला.

"बघ," ती म्हणाली. "वास घे आधी. नाय जमलं तर ऱ्हाऊ दे."

रविनानं वास घेतला. मग एक तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. हरेश जमिनीवरून तिच्या गळ्याकडं बघत होता. गळा हलला. घास खाली गेला. तिनं दुसरा मोडला.

अर्धी भाकरी झाली तेव्हा धोंडीबाईनंही एक तुकडा उचलला. सुनेला एकटीला कशाला खाऊ द्यायचं, अशा हिशोबानं असेल. तिनं तो चघळला, या गालातून त्या गालात फिरवला. तिला तो गिळवेना. जन्मभर मऊ भात खाल्लेलं तोंड ते. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, पण तिनं घास टाकला नाही.

रविनानं बाटली उघडून तिच्या हातात दिली. "हळू खा, आये. तुमाला सवय नाय."

"सवय लागायला आता आयुष्य कुठं उरलंय, बाय," धोंडीबाई म्हणाली. पाणी पिऊन तिनं तो घास कसाबसा उतरवला आणि तोंड पुसलं. मग ती चंदाला म्हणाली, "थोरले, उद्यापासून घरात भात शिजायचा नाय. भाकरी नाचणीची टाक. चपाती टाक. पेज नाय. घावन नाय. भाताची कनगी गोठ्याच्या माळ्यावर चढवा, हिच्या नजरंला नको."

चंदा वळली. "आनि तुमी काय खानार, आये? तुमाला दुसरं पचत तरी काय?"

"आये, तू उपाशी मरशील," हरेश म्हणाला.

म्हातारी त्या खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडं बघत होती. बैल पसंत पडला की ती अशीच गप्प व्हायची.

"पोरी," ती सारिकाला म्हणाली, "घाल चूल ह्याच्यात."

"कोणासाठी?" सारिकाच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्यासाठी. हा डबा तिकडं खालच्या बांधावर न्यायचा, वारा घराकडं येत नाय तिकडनं. मी आनि माझा भात तिथं ऱ्हाऊ."

हरेश उठून उभा राहिला. ज्या बाईनं एका चुलीसाठी मेलेल्या नवऱ्याचा फोटो मांडीवर आणून ठेवला होता, तीच आता आपली चूल वेगळी मागत होती. "आये, बाबापुढं घेतलेली शपथ?"

"शपथ तुमी घेतली होती," धोंडीबाई म्हणाली. "मी कुठं घेतली होती?"

सारिकानं मोबाईल पुढं धरला. जे विचारायची सवय होती तेच तिनं विचारलं. "शेगड्या किती टाकू, आजी? दोन?"

"एक बस झाली," म्हातारी म्हणाली, आणि पदरातली उरलेली भाकरी रविनाकडं सरकवली. "एकट्या म्हातारीला दोन काय करायच्या?"